कुठे थांबलात?

जिंतूर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवणाऱ्या ताईंनी विचारलं आहे : "गेल्या वर्षी ठरवून ५२ पुस्तकं वाचली, आठवड्याला एक. यादी ठेवली आहे. पण त्यातल्या निम्म्या पुस्तकांत काय होतं ते आज सांगता येत नाही. मग या वाचनाचा उपयोग काय झाला? आणि 'वाचलेल्यावर चिंतन करा' असं जो तो सांगतो, म्हणजे नेमकं करायचं काय? डोळे मिटून बसायचं?"

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. डोळे मिटून बसू नका. आपल्याकडच्या उन्हाळ्यात डोळे मिटले की झोपच लागते.

मी परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी 'ब' वर्गाच्या सार्वजनिक वाचनालयात ३१ वर्षं ग्रंथपाल होतो. ग्रंथपाल फार वाचतो असा लोकांचा समज असतो. खरं म्हणजे त्याचा बराचसा दिवस कपाटं झाडण्यात, दाखल नोंदवही लिहिण्यात, वर्गणी थकलेल्यांना हाका मारण्यात आणि अनुदानाची वाट बघण्यात जातो. पण एक गोष्ट त्याला इतरांपेक्षा जास्त बघायला मिळते : माणसं पुस्तक परत कशी करतात ते. देवघेवीच्या टेबलाशी मी जे काही शिकलो ते परत येणाऱ्या पुस्तकांवरून शिकलो, नेणाऱ्यांवरून नाही.

परत आलेल्या पुस्तकात काय काय निघतं म्हणून सांगू! एसटीचं तिकीट, खताच्या पिशवीचा दोरा, लग्नपत्रिकेचा फाडलेला कोपरा, डॉक्टरची चिठ्ठी, एकदा तर वाळलेली कढीपत्त्याची काडी. बहुतेक वेळा ही खूण पान तीस-चाळीसच्या आसपास असते. तिथवर माणूस पोचलेला असतो. मी विचारायचो, "कसं होतं?" उत्तर ठरलेलं, "छान होतं." चाळिसाव्या पानावर तिकीट अडकलेलं मला दिसत असायचं, पण मी कधी बोललो नाही. वर्गणी भरणाऱ्या माणसाला लाजवू नये.

मग एकदा मोंढ्यात हमाली करणारे एक गृहस्थ दोन महिने उशिरा पुस्तक घेऊन आले. जाडही नव्हतं, दीडशे पानांची कादंबरी. मी दंडाची पावती फाडता फाडता सहज म्हटलं, "एवढे दिवस?" ते म्हणाले, "एकाच पानावर अडकलो व्हतो सर. त्यात बाप मरतो अन् पोरगा रडत नाही. घरी येऊन बैलाला पाणी दावतो. त्याच्या मनात काय चाललं आसंल, तेच बघत व्हतो." दंड मी खिशातून भरला. त्या दिवसापासून 'कसं होतं' हा प्रश्न मी बंद केला. 'कुठे थांबलात?' असं विचारायला लागलो.

पुढे टेबलावर एक वहीच ठेवली. पुस्तक परत करताना दोन ओळी लिहायच्या. पहिले चार-पाच महिने वही वाया गेली, हे कबूल करतो. 'छान', 'अप्रतिम', 'सर्वांनी वाचावे असे', आणि एकानं लिहिलं, 'कागद चांगला आहे'. चूक माझीच होती. मी वहीवर 'अभिप्राय' असं लिहून ठेवलं होतं आणि अभिप्राय म्हटलं की आपला माणूस सत्काराचं भाषण करतो. तो शब्द खोडून मी 'कुठे थांबलात? पान नंबर लिहा' असं लिहिलं. मग वही बदलली. एका कंडक्टरनं लिहिलं : "पान ११२. यातला मास्तर खोटं बोलतो, पण दुसऱ्याच्या भल्यासाठी. मीही एकदा एका पोराला विनातिकीट जाऊ दिलं होतं. तेव्हा बरं वाटलं होतं. आता कळेना." एका बाईंनी लिहिलं : "नवऱ्यानं विचारलं का रडतीस. म्हणलं कांदा चिरायले. पान नंबर लिहीत नाही." काहींना हे सगळं आवडलं नाही, हेही सांगतो. "सर, हा काय अभ्यास आहे का?" असं म्हणून दोन-तीन सभासद यायचे थांबले. मग लिहिणं ऐच्छिक केलं. त्यातले एक परत आले, बाकीचे नाही आले.

तुम्हाला चिंतन म्हणजे काय असं कुणी विचारलं, तर त्या कंडक्टरची ती ओळ दाखवा. पुस्तकातला मास्तर आणि बसमधला पोरगा यांना त्यानं एका बाकावर बसवलं आणि त्याला कळेनासं झालं. कळेनासं होणं फार महत्त्वाचं आहे. वाचून सगळं कळलं असं वाटत असेल, तर बहुधा तुम्हाला आधीच माहीत होतं तेच तुम्ही वाचलंत.

आता विसरण्याबद्दल. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. हर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसानं स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली विसरण्याचा हिशेब मांडला. पाठ केलेलं पहिल्या काही तासांत आणि पहिल्या दिवसात झपाट्यानं गळतं, पुढे गळण्याचा वेग मंदावतो. त्यानं पाठ काय केलं होतं? मुद्दाम अर्थ नसलेली अक्षरं. कशाशी कसला संबंध लागू नये म्हणूनच तशी निवडली होती. माझ्या मनात नेहमी येतं की आठवड्याला एक या हिशेबानं ओढून वाचलेली पुस्तकंही आपल्या डोक्यात त्या निरर्थक अक्षरांसारखीच पडतात. अर्थ त्यात भरपूर असतो, पण आपल्या कशाशी त्याची गाठ पडलेली नसते. गाठ नाही म्हटल्यावर गळणारच.

दुसरा प्रयोग अलीकडचा, अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिकी या दोघांचा, २००६ साली छापून आलेला. विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. काहींनी तो पुन्हा वाचला; काहींनी कागद बंद करून जेवढं आठवेल तेवढं लिहिलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे. दोन दिवसांनी घेतली आणि आठवड्यानं घेतली तर आठवून लिहिणारे पुढे. मला हा प्रयोग कळला तेव्हा हसू आलं, कारण आमच्या अभ्यासिकेतली पोरं वर्षानुवर्षं पाच मिनिटांच्याच परीक्षेची तयारी करत होती. तेच पान सहाव्यांदा वाचलं की ते ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं वाटलं की येतंय असं वाटतं. बाजारात रोज दिसणाऱ्या माणसाला आपण मान डोलावतो. नाव विचारलं तर सांगता येत नाही. तसंच ते.

तर पहिलं काम एवढंच, की पुस्तक मिटायचं आणि ते कुणाला तरी सांगायचं. कुणी नसेल तर वहीला. हे मी प्रयोग वाचून शिकलो नाही, पोथीत शिकलो.

माझं लहानपण पूर्णेकाठच्या एका खेड्यात गेलं. श्रावणात मारुतीच्या देवळात पोथी लागायची. कंदिलाच्या उजेडात गावातले एक शिंपीकाका ओवी वाचायचे आणि शेजारी बसलेले बुवा तिचा अर्थ सांगायचे. वाचणारा एक, सांगणारा दुसरा. ही विभागणी किती शहाणपणाची आहे ते मला फार उशिरा कळलं. वाचणाऱ्याला पुढे जायची घाई असते आणि सांगणारा त्याला थांबवतो. एका ओवीवर बुवा कधी कधी अर्धा घंटा बोलत. मधेच कुणाच्या रानातलं उदाहरण देत, कुणाची थट्टा करत. रात्री दोन तास बसून कधी एक अध्यायही पुरा व्हायचा नाही, आणि त्याचं कुणाला काही वाटायचं नाही.

एका वर्षी हरिश्चंद्राचं आख्यान चाललं होतं. राजानं राज्य दिलं, मग दक्षिणेसाठी काशीच्या बाजारात बायको विकायला उभी केली. देवळात मुसमुस सुरू झाली होती. माझी आजी बायकांच्या बाजूला खांबाला टेकून बसायची. तिला अक्षर ओळखीचं नव्हतं. ती तिथूनच म्हणाली, "बुवा, राज त्याचं व्हतं, ते त्यानं देलं. बायकू काय त्याची जमीन व्हती का इकायला? अन् लेकराला इचारलं का कुणी?"

देवळात चिडीचूप. शिंपीकाकांनी बोट ओवीवर तसंच ठेवलं. बुवांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "उद्या सांगतो आजी." दुसऱ्या दिवशी देऊळ नेहमीपेक्षा भरलेलं होतं, पुरुषमाणसंसुद्धा लवकर जेवून आली होती. बुवा बसले आणि म्हणाले, "रात्री पोथी पुढंमागं चाळली. आजीच्या प्रश्नाचं उत्तर पोथीत नाही." आणि त्या रात्री त्यांनी तोच प्रसंग तारामतीच्या बाजूनं सांगितला. ती चालताना मागे कितीदा वळली असेल, काय काय सोबत घेतलं असेल, रोहिदासाला काय सांगितलं असेल. पोथीत नसलेलं ते सगळं पोथीच्याच आधारानं उभं राहिलं. तेव्हा मी नऊ-दहा वर्षांचा असेन. आजीनं आयुष्यात एकही पुस्तक वाचलं नाही. पण वाचलेल्यावर विचार करणारी माणसं मोजायला सांगितलं तर माझं पहिलं बोट तिच्यासाठी मिटतं.

थांबून वाचायची आपल्या भागाची परंपरा त्याहून कितीतरी जुनी आहे. पैठणला जाऊन नाथांच्या वाड्यात माथा टेकवून येतो, पण तिथं एका वाचकानं केवढं काम केलं ते आपल्या ध्यानात येत नाही. ज्ञानेश्वरी लिहून झाल्याला तीनशे वर्षं होत आली होती. हातानं नकला होत होत्या, म्हणणारे म्हणत होते, उतरवणारे उतरवत होते, आणि पाठ बिघडत गेले होते. एकनाथांनी ते पाठ शोधून शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, प्रत शुद्ध केली. काम पुरं झालं ते भाद्रपदातल्या कपिलाषष्ठीला, गोदेच्या काठी. त्यांनीच ते लिहून ठेवलं आहे, आणि यापुढे कुणी यात आपली ओवी घुसवू नका अशी तंबीही. आता विचार करा, एका ओवीत एक शब्द चुकीचा आहे हे कळायला ती ओवी किती वेळा आणि कशी वाचलेली असावी लागते? हा शब्द ज्ञानदेवांचा नव्हे असं म्हणायचं तर ज्ञानदेव कसे बोलतात हे कानात बसलेलं हवं. यादीतली ५२ पुस्तकं संपवायची घाई असलेल्याला ते कान येणार नाहीत. ताई, हा टोमणा नाही. मीही एका वर्षी अशी यादी केली होती, आणि ६७ वर नेली होती. मला तुमच्यापेक्षा कमी आठवतं.

मोजायची ही सवय आपल्याला लागली कुठून याचा मी पुष्कळ विचार केला, आणि थोडा दोष आमच्या खात्याला देतो. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानं गावोगावच्या वाचनालयांना आधार दिला. तो कायदा नसता तर माझा पगार कधीच झाला नसता, म्हणून उपकार मान्य. पण वाचनालयाचा वर्ग ठरतो तो ग्रंथ किती, सभासद किती, नियतकालिकं किती, अशा मोजता येणाऱ्या गोष्टींवर. त्या हमालाचे दोन महिने कोणत्या रकान्यात लिहायचे? माझ्या नोंदवहीत ते 'विलंब' म्हणून लिहिले गेले.

पूर्वी असं नव्हतं, असं आमच्या वाचनालयाचे जुने अध्यक्ष सांगत. निजामाच्या राज्यात कारभाराची भाषा उर्दू होती, वरचं शिक्षणही उर्दूत. हैदराबादला १९१८ साली निघालेलं उस्मानिया विद्यापीठसुद्धा उर्दू माध्यमाचं. सभा घ्यायची तर सरकारची परवानगी लागे. अशा दिवसांत चार माणसांनी एकत्र बसून मराठी वर्तमानपत्र वाचायचं म्हणजे ते कधी नुसतं वाचन राहतच नसे. एक जण मोठ्यानं वाची, बाकीचे मधे मधे तोडत, आणि वाचनापेक्षा बोलणं जास्त होई. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचं राज्य संपलं आणि बोलायची मुभा आली. मग हळूहळू वाचनालयांत 'शांतता राखा' अशा पाट्या लागल्या. आमच्याकडेही होती. मी ती निवृत्त व्हायच्या आधी दोन वर्षं काढून आतल्या खोलीत टाकली, अजून तिथंच असेल.

त्या पाटीखालचं एक उदाहरण सांगतो. इथल्या बहुतेक वाचनालयांसारखीच आमचीही अर्धी जागा आता स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेनं व्यापली आहे. पोरं सकाळी सातला येतात, रात्री दहाला जातात. त्यांची मला कीव येते आणि कौतुकही वाटतं. त्यातला एक पोरगा भूगोलाचं पुस्तक घेऊन बसायचा. पिवळ्या पेननं इतकं रंगवलेलं, की न रंगवलेली ओळ शोधावी लागायची. मी एकदा विचारलं, "मराठवाड्याचा खडक कोणता?" लगेच, "बेसाल्ट. दख्खनचं पठार. लाव्हारसापासून." बरोबर. "तुझ्या वडिलांनी बोअर किती घेतले?" तो चमकला. "तीन." "पाणी?" "पहिल्याला थोडं लागलं व्हतं, नंतरच्या दोन्हीला नुसता फुफाटा. शेवटचा साडेसातशे फुटांवर गेला." "मग पुस्तकात काय लिहिलंय?" तो पुस्तक उघडायला लागला. मी म्हटलं, "मिटून ठेव आणि सांग."

त्याला दहा मिनिटं लागली. बेसाल्ट कठीण खडक, तो पाणी धरून ठेवत नाही. पाणी असतं ते वरच्या झिजलेल्या, मुरमाड थरात आणि भेगांत. म्हणजे खाली खाली गेलं की पाणी वाढेलच असं नाही. उलट भेगच सापडली नाही तर कितीही खाली जा, भुकटीच निघणार. हे सगळं त्याला येत होतं, एकेका मार्काच्या उत्तरात. आणि बोअरसाठी बापानं काढलेलं कर्जही माहीत होतं. दोन्ही एकाच डोक्यात होतं आणि त्यांची कधी भेट झाली नव्हती. तो गप्प बसून राहिला. मग म्हणाला, "सर, म्हणजे तिसरा बोअर घ्यायच्या येळेला मला हे येत व्हतं. दुसऱ्या वर्षाला होतो मी."

मला वाईट वाटलं, उगाच जखमेवरची खपली काढली असं झालं. पण पुढच्या रविवारी तो गावाकडे गेला आणि पाऊस किती पडतो, नाल्यातनं किती वाहून जातो, विहिरीचं पाणी कोणत्या महिन्यात उतरतं, हे वडिलांना विचारून लिहून घेऊन आला. तेच भूगोलाचं पुस्तक त्यानं नव्यानं वाचायला घेतलं, या वेळी पेन न घेता. परीक्षेत त्याचं काय झालं हे तुम्ही विचाराल. पहिल्या दोनदा नाही झालं. आता तो दुसऱ्या एका खात्यात आहे, आणि नोकरी त्याला या चिंतनानं लागली असं मी म्हणणार नाही.

शेतकऱ्याच्या घरच्या असाल तर वाफसा तुम्हाला सांगायला नको. काळ्या रानात पाऊस पडल्या पडल्या पेरणीची तिफण घालत नाहीत. बैलाचे पाय रुततात, रान चिंबून जातं, बी कुजतं. दोन-तीन दिवस थांबायचं. मग मूठभर माती दाबून बघायची. गोळा होऊन पुन्हा मोकळी फुटली की वाफसा आला. आणि फार दिवस थांबलात तर रान वाळून भेगाळतं, तेही कामाचं नाही. पुस्तक संपवलं त्याच रात्री दुसरं उघडू नका, एवढंच माझं म्हणणं आहे. एक-दोन दिवस जाऊ द्या. भाकरी थापताना, एसटीत बसल्यावर, शाळेच्या मैदानावर पोरांकडे लक्ष ठेवताना त्यातलं काय वर येतं ते बघा. काहीच वर आलं नाही, तर ते पुस्तक तुमच्यासाठी नव्हतं, किंवा आत्ता नव्हतं. त्याचं दुःख नको. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. त्यातलं एक 'प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक', दुसरं 'प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक'. प्रत्येकाला प्रत्येक पुस्तक असं सूत्र त्यांनीही केलं नाही.

रहस्यकथा आणि विनोदी पुस्तकं यातून वगळा. ती वाचा, हसा, घाबरा आणि परत करा. त्यांच्यावर चिंतन करायला बसणारा माणूस मला जरा संशयास्पद वाटतो. दहा मिनिटांत पुस्तकाचा सारांश सांगणारे व्हिडिओ मात्र टाळा. दुसऱ्यानं थांबायच्या जागा ठरवल्या, तर तुमच्या हाती उरतं काय?

आता एक अवघड गोष्ट. तुम्ही विचारलेली नाही, पण मी लपवली तर उत्तर खोटं होईल. वाचनानं माणूस चांगला होतो असं आमच्या प्रत्येक कार्यक्रमात सांगितलं जातं. मीही सांगितलं आहे. आमच्याच वाचनालयाचे एक सभासद होते. निम्मी कपाटं वाचून झालेली. कोणत्याही विषयावर अवतरण तयार. आणि घरात बायको-सुना त्यांच्या चपलेच्या आवाजानं उठून उभ्या राहायच्या. स्त्रीशिक्षणावरची चांगली चांगली पुस्तकं त्यांनी माझ्याकडूनच नेली होती. वाचलेलं त्यांना उत्तम आठवायचं, तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं. तेव्हा लक्षात राहणं हीसुद्धा कसोटी पुरत नाही. त्यांचं गणित कुठे चुकत होतं, याचा मी पुष्कळ विचार केला. मला वाटतं, ते प्रत्येक पुस्तकात दुसऱ्याला सापडवत होते. हे शेजाऱ्याला लागू, ते सरकारला लागू. त्या कंडक्टरसारखं 'मीही एकदा' असं त्यांच्या तोंडून कधी निघालं नाही.

याच्या उलटं उदाहरण आपल्याच भागातलं. मूळचे कुरुंद्याचे, १९३२ साली जन्मलेले विचारवंत नरहर कुरुंदकर नांदेडला पीपल्स कॉलेजात शिकवत. १९८२ साली, पन्नाशी गाठायच्या आतच गेले. मनुस्मृतीला त्यांचा ठाम विरोध. पण त्यासाठी त्यांनी मनुस्मृती टाळली नाही. ती वाचली, तिच्या बाजूचे लोक काय म्हणतात ते मांडलं आणि मग उत्तर दिलं. न पटणारं पुस्तक पूर्ण वाचणं हा वाचनाचा सगळ्यात कठीण आणि सगळ्यात फायद्याचा प्रकार आहे. वर्षात एक तरी असं पुस्तक घ्या. चिडचिड होईल. कोणत्या पानावर झाली ते लिहून ठेवा. सहा महिन्यांनी ते पान पुन्हा बघा. कधी कधी चिडायचं कारण पुस्तकात नसतं.

तुम्ही शिक्षिका आहात म्हणून वर्गाबद्दल दोन शब्द. १५ ऑक्टोबरला, कलामांच्या जयंतीला, शाळाशाळांत वाचन प्रेरणा दिन होतो. पोरं पुस्तक धरून रांगेत बसतात, फोटो जातो, दिवस संपतो. तो करा, वरून आदेश असतो. पण उरलेल्या दिवसांत एक करा. गोष्ट संपल्यावर 'यातून काय बोध मिळतो' हा प्रश्न विचारू नका. पोरांना तो प्रश्न कळला आहे. गोष्ट कोणतीही असो, 'खोटं बोलू नये' किंवा 'एकीचे बळ' यातलं एक फेकलं की सुटका. त्याऐवजी विचारा की गोष्टीतल्या कुणाचं चुकलं असं वाटतं, किंवा गोष्ट तुझ्या आळीत घडली असती तर काय झालं असतं. एखादी पोरगी माझ्या आजीसारखा प्रश्न विचारेल. तेव्हा 'उद्या सांगते' म्हणायची लाज वाटू देऊ नका, फक्त दुसऱ्या दिवशी खरंच सांगा. त्या बुवांचा मान आमच्या गावात त्या दिवसानंतर वाढला.

आणि त्या आळीत ज्यांच्या घरी पुस्तकच नाही अशी पोरं असतील, त्यांच्याकडे जास्त लक्ष द्या. १९५० साली बाबासाहेबांनी तेव्हाच्या औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय काढलं. ज्यांच्या आधीच्या कुठल्याच पिढीच्या हातात पुस्तक पडलं नव्हतं, अशी मुलं तिथं आली. त्यातले काही पुढे लिहिते झाले, आणि वाचकाला चार-चार दिवस एका पानावर अडकवून ठेवतील असं त्यांनी लिहिलं. पहिल्यांदा पुस्तक हाती आलेला माणूस ते कसं वाचतो हे बघणं हा माझ्या नोकरीतला सगळ्यात मोठा आनंद होता. तो ओळीवर बोट ठेवतो, ओठ हलवतो, आणि मधेच मान वर करून तुमच्याकडे बघतो, 'हे असं लिहिता येतं?' असं.

आता तुमच्या ५२ चं काय करायचं ते सांगतो. यादी काढा, पण पुस्तकं उघडू नका. नावं वाचत जा. ज्या नावापाशी एखादं दृश्य, वाक्य, वास, काहीही उठेल, तिथं खूण करा. माझा अंदाज आहे, आठ-दहा निघतील. त्यातलं एक निवडा आणि जेवढं आठवतं तेवढं लिहा. चुकीचं आठवलं तरी लिहा. मग पुस्तक उघडून ताडून बघा. जिथं चुकीचं आठवलं असेल तिथं जरा जास्त वेळ बसा. माझ्या बाबतीत एकदा असं झालं की एका कादंबरीतली आई शेवटी घर सोडून जाते असं मला वीस वर्षं आठवत होतं. पुन्हा उघडली तर ती कुठेच जात नाही, चुलीपुढेच बसून राहते. मीच तिला घालवून दिलं होतं. का, ते शोधताना माझ्या स्वतःच्या आईबद्दल बरंच काही वर आलं, ते इथं लिहीत नाही.

वाचनालयाच्या पुस्तकात मात्र पेन्सिलसुद्धा लावू नका. समासात 'वा!' लिहिणाऱ्यांनी मला ३१ वर्षं छळलं आहे. वेगळी वही करा. शाळेजवळच्या दुकानात मिळते ती शंभर पानी एकरेघी पुरे. दोनशे पानी घेऊ नका, ती मग भरायची म्हणून भरली जाते.